होळीला दिलेला आंबा

३ मार्च १९७३, शनिवार

डोंगराच्या कडेला पळस फुललाय. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना रंगनाथनं दाखवला. चुलत्याचा हा पोरगा, वयानं मला धाकटा, बोलण्यात माझा आजा. म्हणतो, "दत्तूदादा, बग की, ह्याला दुष्काळाची खबरच न्हाई कुनी दिली." खाली सगळी माती करपलेली आणि वर हा लालभडक. खरं तर राग यायला पाहिजे. पण बरं वाटलं. लई दिवसांनी काहीतरी बघून बरं वाटलं.

येताना मुद्दाम देवळाकडून आलो. पिंपळाला तांबडी कोवळी पानं फुटलीत. त्याला कोण पाणी पाजतंय देव जाणे. आमची विहीर पौषातच आटली. आता रंगनाथच्या विहिरीत एवढासा झरा पाझरतो, त्यावर दोन्ही घरं. त्याची बायको चंद्रा सकाळी आधी आमची घागर भरून देते, मग स्वतःची. आई म्हणते, असलं माणूस आता बघायला मिळत नाही.

आईला पिंपळाचं सांगितलं. "मंग? चैत जवळ आला," एवढंच बोलली. तिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

७ मार्च, बुध.

संगमनेरकडून मेहुण्याचा तोंडी निरोप. सिंधू आणि बाळ खुशाल. पाडव्याच्या आधी आणून सोडतो म्हणाला. बाळंतपण माहेरी झालं तेच बरं. तिकडं कालव्याचं पाणी. एवढं हिरवं बघून आलेली बाई इथं येऊन काय बघणार?

निरोपाची शेपटी ठरलेली : आंब्याला भांड्यांचं पाणी घालता ना?

घालत नाही. माघापासून बंद. भांड्यांचं पाणी गाय पिते. गाय जगवू का झाड? पण हे कळवलं नाही. "घालतो" म्हणून उलटा निरोप धाडला.

हा आंबा म्हणजे सिंधूचा जीव. लग्न वैशाखातलं. पाठवणीच्या वेळी तिच्या वडिलांनी दारच्या आंब्याची कोय तिच्या ओटीत टाकली. शेप्या आंबा, कापला की शेपूचा वास सुटतो. वडील गेले, मागोमाग ते झाडही वादळात पडलं. राहिला तो आमच्या परसातला. एकदाही मोहरलेला नाही, तरी दर फाल्गुनात सिंधू मान वर करून शेंडे न्याहाळते. यंदा पान नाही की शेंडा नाही. दिवाळीनंतर चारा संपला तेव्हा पाला मीच ओरबाडून गायीला घातला. तेव्हापासून नुसत्या काठ्या उभ्या आहेत. वाळला बहुतेक.

११ मार्च, रवि.

सकाळी सकाळी कोकिळा ओरडली. अंघोळीला पाणी नाही, चहाला साखर नाही, आणि या बयेला गाणं सुचतंय. हसू आलं. आईपण हसली. कधी नव्हे ते.

दुपारी पारावर होळीचं निघालं. कोणाच्या दारी लाकूड उरलेलं नाही. मोडक्या नांगरापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत सगळं चुलीत गेलं. होळी लहान करायची ठरलं. मग रंगनाथ म्हणाला, "सोटाचं काय? यंदा आमच्याकडनं देऊ का? दादाच्या घरी तर दात कोरायला काडी न्हाई." सगळे हसले. तोही हसला. त्याच्या मनात काही नसतं, मला माहीत आहे.

पण सोटाचा मान थोरल्या घराचा. एरंडाची फांदी रोवली की तिच्याशेजारी जो मोठा सोट उभा करायचा तो आमच्या दारातून जातो, हलगी लावून. आजोबांच्याही आधीपासून. मी म्हणालो, "सोट आमच्याच दारातनं जाईल. तू तुझ्या गोवऱ्यांचं बघ." आवाज चढला असावा. मग कोणी हसेना.

घरी येऊन भिंतीकडं बघत बसलो. कुठून आणणार सोट? च्यायला ही जीभ.

१५ मार्च, गुरु.

तिसगावला जाऊन आलो. वखार रिकामी. वखारवालाच भुसा पेटवून चहा करत होता, मला काय देणार! ओढ्याकाठच्या बाभळी लोकांनी मुळासकट खणून नेल्यात.

आई रेशनचा मिलो निवडत होती. म्हटलं, परसातला आंबा वाळलाच आहे.

मान वर न करता म्हणाली, "पाडव्यापातुर थांब. झाड मेलं का निजलं ते चैतात कळतं."

म्हटलं, होळी पाडव्याच्या आधी येते.

"मंग मान जाऊ दे एक वरीस रंगनाथकडं. मान काय ताटात वाढून खायचाय?"

तिला बोलायला काय जातं. पारावर तिला बसायचं नाही.

१८ मार्च, रवि. होळी

लिहू की नको. लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगणार.

सकाळी रंगनाथ आणि वस्तीवरचे चारसहा जण हलगी घेऊन दारात. मी कुऱ्हाड घेऊन परसात. आई चुलीपुढून उठली नाही.

पहिल्या घावाला साल उडाली. दुसरा घाव घातला, पातं बाहेर ओढलं, तर पातं ओलं. खाचेत आतून पिवळट, सालीखाली हिरवी रेघ. चीक येऊन तिथं थेंब धरला. मी बघितलं. थांबता आलं असतं. "अरे, जिता आहे," एवढंच म्हणायचं होतं. मागं रंगनाथ उभा, तोंडाशी आलेलं हसू दाबून. निदान मला तसं वाटलं. खरंच दाबत होता का, कोण जाणे. मी तिसरा घाव घातला. मग थांबलोच नाही. हलगीवाला जोरात आला होता.

संध्याकाळी गोवऱ्या भडकल्या, एरंड पेटला, आमचा सोट काही पेटेना. सूं सूं करत राहिला. टोकाला फेस. धूर असा की बाया खोकत खोकत मागं सरल्या. कोणीतरी म्हणालं, "वला हुता का काय रं?"

रंगनाथ पटकन म्हणाला, "दव पडलं आसंल त्याच्यावर."

दव! ह्या साली! पण त्यानं मला झाकलं. त्याला कळलंय हे मला कळलं.

डाळ नव्हती म्हणून आईनं नैवेद्यापुरती गुळाची पोळी केली होती. माझ्या वाटची तशीच ठेवली.

१९ मार्च, सोम.

धुळवड. सोट अर्धाच जळलाय. काळा होऊन ताठ उभा आहे. कामावर जाता-येता नजरेला पडतो, म्हणून आज ओढ्यातून गेलो.

परसातल्या बुंध्याकडं गेलो नाही.

सिंधू आली की काय सांगायचं? "वाळला होता" म्हणायचं. झालं. तिला काय दिसणार आहे. असं मी मलाच समजावतो आणि मलाच माझी किळस येते.

२४ मार्च, शनि.

सिंधू आली. मेहुण्यानं फाट्यावरून चालत आणलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं. पोरीनं माझं बोट जे धरलं ते सोडेचना. मूठ एवढीशी, पण काय जोर!

चंद्रा पळतच आली. तिला अजून मूल नाही. वस्तीवरच्या काही बाया तिला बाळंतिणीच्या खोलीत घेत नाहीत. सिंधूनं बाळ सरळ तिच्या मांडीवर टाकलं. "घे. उद्यापास्नं हिला न्हाऊ घालायचं तुज्याकडं. तुज्या हाताला गुन हाय." चंद्रा हसता हसता रडली आणि बाळासाठी पाणी आणते म्हणून विहिरीकडं धावली.

इथवर सोन्यासारखं.

मग सिंधू पाय धुवायला म्हणून परसात गेली. परत आली तेव्हा तोंडावर रंग नव्हता. "आंबा कुठाय?"

मेहुणा समोर बसलेला. आई चुलीशी. मी म्हणालो, "होळीत गेला. मी घरी नव्हतो. रंगनाथनं तोडला, वाळलाय म्हणून."

हे माझ्या तोंडातून आलं. ठरवलं नव्हतं. "वाळला होता" म्हणायचं ठरवलं होतं. मध्येच रंगनाथ कुठून आला?

आईनं फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. परत फुंकणी उचलली.

२५ मार्च, रवि.

चंद्रा सकाळी ऊन पाण्याचं भगुणं घेऊन आली, बाळाला न्हाऊ घालायला. सिंधू दारात आडवी. "हात लावू नगंस माज्या लेकराला."

चंद्रा तशीच उभी, भगुण्यातून वाफ येतेय. "काय झालं अक्का?"

"तुज्या मालकाला इच्यार."

आरडाओरडा ऐकून रंगनाथ आला. मी गोठ्यात, गायीचं दावं बांधत होतो. बांधलेलंच पुन्हा बांधत होतो. सिंधू म्हणाली, "भावजी, माज्या बापाची तेवढीच खून राहिली हुती. कसा धजला तुमचा हात?"

रंगनाथनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी मान खाली घातली.

तो म्हणाला, "चुकलं वैनी. वाळल्यालं वाटलं मला."

चंद्रा त्याच्याकडं बघतच राहिली. "आवो, पर..."

"गप. चल घरी."

भगुणं उचलून दोघं गेली. अंगणात थोडं पाणी सांडलं होतं, ते गाय चाटायला लागली.

असला मेल्याहून मेल्यासारखा मी कधी झालो नव्हतो.

२६ मार्च, सोम.

कामावर आम्ही दोघं एकाच ढिगाऱ्याला. खडी फोडतोय.  दुपारी मीच म्हणालो, "रंगनाथ, तू कशाला अंगावर घेतलंस?"

घण खाली न ठेवता म्हणाला, "बाळंतिनीम्होरं कशाला तमाशा. दूध आटंल तिचं. दोन दिसांत इसरंल." मग थोड्या वेळानं, "आनि पारावर मी तुला टोचलं नसतं तर तू तरी कुऱ्हाड घेतली असतीस व्हय?"

म्हटलं, आज घरी जाऊन सांगतो तिला.

"सांग न्हाईतर नगं सांगू. चंद्रा तेवढी लई रडतीया."

वस्तीवर ज्यांना खरं ठाऊक आहे त्यांनाही यानंच गप्प केलंय म्हणे. घरी आलो. सिंधू बाळाला थोपटत होती. सांगितलं नाही.

२८ मार्च, बुध.

सिंधू रंगनाथच्या विहिरीवर जात नाही. आईनं आणलेलं पाणीपण नको म्हणते, "त्या विहिरीचं हाय." टँकर डांबरीवर उभा राहतो, तिथं जाते. ओली बाळंतीण, भर दुपारी, डोक्यावर घागर. मी त्या वेळी खडीवर. आज वाटेत तिला भोवळ आली, बांधावर बसून राहिली, म्हणून आई सांगत होती. घागर मात्र सांडू दिली नाही.

बाळाला आता सिंधूच न्हाऊ घालते. तिला पायांवर पालथं धरणं जमत नाही, पोरगी किंचाळते. चंद्राच्या घराचं दार समोरच. ते दार तेवढा वेळ लोटलेलं असतं.

संध्याकाळी मी चिडून म्हणालो, "विहिरीनं काय केलंय तुझं? आण की तिथलं पाणी." सिंधू म्हणाली, "तुमाला काय वाटतंय का न्हाई मनाला? तुमच्याच दारातलं झाड गेलं आनि तुमी भावाची बाजू घेताय."

भावाची बाजू! आई उठून बाहेर गेली. मी तिच्यामागं गेलो. म्हणाली, "माज्याकडं कशाला येतोस? मी काय तुजं तोंड हाय व्हय?"

३१ मार्च, शनि.

आज परसात गेलो. होळीपासून पहिल्यांदा.

बुंध्याला फूट आहे.

सालीच्या कडेला, उगवतीच्या अंगाला, तांबूस टोकं. आधी वाटलं मुंगळे बसलेत. वाकून बघितलं तर पालवी. तकतकीत, मऊ, तांब्याच्या नव्या भांड्याच्या रंगाची. एवढा उन्हाळा, एवढी कुऱ्हाड, आणि तरी. गुडघे टेकून बसलो आणि रडलो. लाज वाटली रडायची. पण त्याआधी आनंद झाला हेही खरं. आमच्या घरचा चैत्र हा असा आला, आणि मला कोणाला हाक मारून दाखवायची सोय नाही. सिंधूला काय तोंडानं म्हणू, ये बघ?

शेळ्या खातील म्हणून बाभळीचे काटे आणून गोल कुंपण घातलं. हाताला बोचले. बोचू देत. माझ्या वाट्याचं पिण्याचं पाणी ओतलं. मग इकडंतिकडं बघितलं, कोणी बघत तर नाही ना. स्वतःच्या परसात चोरासारखा.

२ एप्रिल, सोम.

सिंधूला पालवी दिसली. कामावरून आलो तर अंगणातच हात धरून ओढत घेऊन गेली. कधी असा हात धरत नाही, आई समोर असताना तर नाहीच. "बगा, बगा तरी! जिता हाय!" बाळाला कडेवर घेऊन, बाळाला दाखवत होती. "तुज्या आज्याचा आंबा हाय ह्यो, छकुले."

मी म्हणालो, "हो का! अरे वा." असंच म्हणालो. आवाज कसा निघाला असेल!

मग ती म्हणते, "काटे कुनी लावलं ठावं हाय का? भावजींनी. मनाला लागलं आसंल त्यांच्या. गपचिप येऊन लावून गेलं बगा. मानूस वाईट न्हाई. पाडव्याला दोघांस्नी जेवायला बोलवूया. झालं गेलं..."

मी बाळाला तिच्याकडून घेतलं आणि घरात आलो.

आता सगळं आपोआप मिटतंय. सिंधू माफ करतेय. रंगनाथ तर आधीच गप्प आहे. झाड फुटलंय. मी तोंड बंद ठेवलं की झालं. एवढं सोपं. आणि ह्या सोपेपणाचीच जास्त भीती वाटते. आयुष्यभर ही बाई माझ्या चुकीबद्दल रंगनाथला माफ करणार, आणि मी तिथं बसून भाकरी खाणार.

४ एप्रिल, बुध. पाडवा

लिंबाला मोहर लई आलाय. फांदीखाली उभं राहिलं की टिपटिप गळतो. गुढी उभारली. सिंधूनं माहेरची चोळी लावली, साखरेची गाठी लावली. अंगणात शेण शिंपडायला पाणी नव्हतं, कोरडंच झाडलं. तरी सकाळ चांगली वाटत होती.

रंगनाथ एकटाच आला. टोपी धुतलेली. चंद्राला बरं नाही म्हणाला. ती इथून दिसत होती, अंगणात गोवऱ्या थापत होती.

मी उंबऱ्याशी बसून पाट्यावर लिंबाची फुलं, गूळ, ओवा वाटत होतो. सिंधूनं रंगनाथला पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, "भावजी, राग गेला माजा. आंब्याला काटे लावलं ते तुमीच ना? कळलं मला."

मला वाटलं, हा "व्हय" म्हणणार. एवढं मोठं अंगावर घेतलं, हे तर चांगलंच आहे, घेईल.

तो म्हणाला, "न्हाई वैनी. ते मी न्हाई."

"मंग कुनी?"

"मला ठावं न्हाई. पर मी न्हाई. उगं खोटं कशाला बोलू."

माझ्या वाईटाला तो हो म्हणाला. माझ्या चांगल्याला हात लावला नाही. मी वाटतच राहिलो. लिंब, गूळ, सगळं पार पाणी होईतो वाटत राहिलो. सिंधूनं आईकडं बघितलं. आईनं बाळाकडं बघितलं. मग सिंधूनं माझ्या हातांकडं बघितलं, काट्यांचे ओरखडे अजून होते.

तिनं प्रसाद सगळ्यांच्या हातावर दिला. माझ्या हातावर देताना बोट लागू दिलं नाही.

५ एप्रिल, गुरु.

सांगितलं.

सकाळी आई गायीला घेऊन गेल्यावर. बाळ झोळीत निजलेलं. म्हणालो, "सिंधू, आंबा मी तोडला. रंगनाथनं नाही. तो फक्त सोट न्यायला आलेला."

ती जात्यावर बसलेली. दोन फेरे तसेच ओढले. मग खुंटा सोडला. "वाळल्यालं वाटलं म्हनून?"

इथं पुन्हा जीभ वळत होती. हो म्हणालो असतो तर तेवढ्यावर निभावलं असतं. म्हणालो, "दुसऱ्या घावाला ओला निघाला. दिसलं मला. तरी तोडला. माणसं बघत होती."

वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "माज्या भावाम्होरं खोटं बोलला तुमी. आनि मी त्या बाईच्या हातातनं लेकरू काढून घेतलं. भरल्या भगुन्यासकट परत लावली तिला. कुनामुळं?"

"माझ्यामुळं."

"मला काय सांगताय मंग? मी काय केलंय तुमचं? तिला सांगा जावा. तिच्या दारात."

चंद्रा माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. थोरला दीर ना मी. पदर पुढं ओढून आईमार्फत बोलते. तिच्या दारात जाऊन तिला काय म्हणायचं, कसं म्हणायचं, दिवसभर घण मारताना हेच घोळत होतं. आज बोटावर घण बसला.

परत आल्यावर तसाच गेलो, घरी न जाता. चंद्रा ओट्यावर ज्वारी निवडत होती. रंगनाथ मला बघून उठला. मी म्हणालो, "चंद्राशी बोलायचंय."

त्याला कळलं. "बस बस. च्या घे. काय बोलायचं न्हाई आता. मिटलं की."

"मिटलं न्हाई," चंद्रा म्हणाली. मी दचकलो. पदर होता डोक्यावर, पण मान वर होती. "बोलू द्या त्यास्नी. कुनाला तरी बोलू द्या."

रंगनाथ खाली बसला.

मी बोललो. शेजारचे दोघं बांधावरून चालले होते, थांबले. त्यांच्यादेखत बोललो. झाड मी तोडलं, ओलं दिसूनही तोडलं, नाव रंगनाथचं सांगितलं, तो गप्प राहिला, तुला माझ्या दारातून परत जावं लागलं, चूक माझी, तुमची कोणाचीच नाही. शब्द असेच आले, नीट नाही आले. शेवटी हात जोडले. धाकट्या भावाच्या बायकोला हात जोडताना मला जड जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

चंद्रानं सुपातले दोन खडे बाजूला सारले. मग म्हणाली, "माजा नवरा चांगला हाय, सगळ्यांस्नी ठावं हाय. माजं काय? मला वांझोटी म्हून लोक दारातनं लावत्यात. अक्कानं कवा लावलं नव्हतं. तुमच्यापायी तिनंबी लावलं."

जोडलेले हात मी खाली घेतले. 

उठून आलो. रंगनाथ फाटकापर्यंत आला, खांद्यावर हात ठेवला. मला तो हात सहन होईना.

सिंधूला म्हणालो, सांगून आलो. "काय म्हनली?" जे म्हणाली ते सांगितलं. सिंधू ऐकून आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. जेवली नाही.

६ एप्रिल, शुक्र.

कामावर गेलो नाही. बोट सुजलंय हे निमित्त.

सिंधू पहाटेच उठून घागर घेऊन गेली. टँकरकडं नाही, रंगनाथच्या विहिरीवर. मी दारातून बघत होतो. चंद्रा तिथं नव्हती. सिंधूनं स्वतःच शेंदलं, घागर भरून थोडा वेळ त्यांच्या अंगणाकडं तोंड करून उभी राहिली. हाक मारली का? इतक्या लांबून ऐकू आलं नाही. मग परत आली.

मला म्हणाली, "पानी तापवा." बस, एवढंच.

चूल मी पेटवली. पाणी आता चांगलं कडत आहे. सिंधू उन्हात पाट मांडून बसलीय, बाळाला तेल लावून, उघडं, पायांवर न घेता नुसतं मांडीवर धरून. स्वतः न्हाऊ घालत नाही. आईनं एकदा विचारलं, "घालू का मी?" तर नको म्हणाली. समोरच्या दाराकडं बघतेय.

ते दार उघडं आहे. आत कोणीतरी वावरतंय. एकदा चंद्रा बाहेर आली, इकडं बघितलं, केरसुणी घेऊन पुन्हा आत गेली.

पाणी निवायला लागलंय. मी चुलीत आणखी एक गोवरी सारली.